पगार एअरफोर्सचा, गोल क्लबचे

इंदूरमध्ये थायलंडचं नाव काढलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, भिया पॅकेज केवढ्याला पडलं. तिथे फुटबॉल खेळतात हे सांगायला गेलं तर कुणी ऐकून घ्यायला तयार नसतं. पण ४ जून २०२५ ला आपली टीम तिकडे थम्मासात स्टेडियमवर २-० नी हरली आणि माझं डोकं फिरलं, कारण २०१९ च्या जानेवारीत अबुधाबीला एशियन कपमध्ये आपण ह्याच थायलंडला ४-१ नी धुतलेलं, छेत्रीचे दोन गोल, दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोचची नोकरी गेली होती. मग मधल्या काळात ह्या लोकांनी काय केलं ते बघायला रात्री मोबाईल घेऊन बसलो आणि बघता बघता भलतीकडेच पोचलो, म्हणजे रॉयल थाई एअरफोर्सच्या क्लबकडे. थम्मासात स्टेडियम ज्या पथुम थानी प्रांतात आहे, त्याच प्रांतात लाम लुक्का भागात ह्या क्लबचं ग्राउंड आहे, थुपातेमी. ग्राउंड आहे, पण क्लब २०१९ नंतर नाही.

आता हा काही ऐरागैरा क्लब नव्हता बरं का. थायलंडमध्ये फुटबॉल असोसिएशन १९१६ सालची, राजा वजिरावुध म्हणजे सहाव्या रामाने काढलेली, आणि त्याच वर्षीपासून रॉयल कप सुरू. लीग वगैरे फार उशिरा आली, १९९६ ला. तोपर्यंत 'कॉर' (थाई लिपीतलं पहिलं अक्षर) नावाचा रॉयल कप जो जिंकेल तो देशाचा चॅम्पियन, त्याच्या खालच्या टीम्ससाठी खालच्या अक्षरांचे कप. ह्या वरच्या कपवर एअरफोर्सचं नाव १२ वेळा आहे, त्यात १९५७ ते १९६३ ओळीने सात वर्षं. आणि समोर कोण असायचं, तर आर्मी, नेव्ही, पोलीस, पोर्ट ऑथॉरिटी, तंबाखूचं सरकारी महामंडळ, आणि बँका. म्हणजे सगळी खाती एकमेकांशी खेळतायत. प्लेयर नोकरीत लागायचा, हुद्दा मिळायचा, महिन्याचा पगार, आणि दुपारी प्रॅक्टिस.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? मला तर लगेच आठवलं, आपण इंदूरचे लोक ना. सी. के. नायडू मूळचे नागपूरचे, १९२३ मध्ये होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला बोलावलं आणि काय दिलं, तर होळकर सैन्यात कॅप्टनची रँक. पुढे कर्नल झाले. देशाचा पहिला टेस्ट कॅप्टन आपल्या संस्थानच्या फौजेचा ऑफिसर होता, आणि होळकर टीमने रणजीची फायनल १० वेळा गाठली, त्यातल्या ४ जिंकल्या. राजा पैसे देतोय, राजा नोकरी देतोय, खेळाडू निवांत खेळतोय. संस्थान गेलं, मग थोड्या वर्षांत टीमचं नावपण गेलं, १९५५ नंतर होळकर नाव रणजीत दिसतच नाही. एमपीला रणजी मिळायला मग २०२२ उजाडलं, तेही मुंबईला हरवून, त्या दिवशी मी काय काय ओरडलो ते इथे लिहीत नाही.

आणि इंदूरशेजारचं महू तर अजून भारी. दुसऱ्या महायुद्धात डेनिस कॉम्प्टन महूला पोस्टेड होता. क्रिकेटवाले त्याला इंग्लंडचा बॅट्समन म्हणून ओळखतात पण तो फुटबॉलमध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबचा विंगरपण होता, १९५० चा एफए कप जिंकलाय त्याने. तर हा आर्सेनलवाला फौजी १९४४-४५ च्या रणजी फायनलला होळकरांकडून खेळला आणि बॉम्बेविरुद्ध २४९ नॉटआउट. मॅच हरलो, ३७४ रननी, समोर बॉम्बेच्या विजय मर्चंटने २७८ मारले होते. पण महूच्या छावणीतून उठून आर्सेनलचा माणूस होळकरांसाठी खेळायला जातो, ह्याच्यापुढे आजकालची ट्रान्सफर विंडो काय करणार.

परत थायलंडकडे येतो. एअरफोर्सचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे पियापाँग पुए-ऑन. यूट्यूबवर जुन्या, खरखरीत क्लिप आहेत, बघाच. बॉक्समध्ये उभा राहतो तेव्हा काही करतोय असं वाटतच नाही, डिफेंडर जरा वळला की हा पुढे गेलेला असतो. एअरफोर्समध्ये नोकरी करत करत खेळणारा हा पठ्ठ्या १९८४ ला साउथ कोरियात लकी-गोल्डस्टारकडे गेला (तीच कंपनी, आता एलजी, ज्यांचा फ्रिज आमच्या किचनमध्ये आहे) आणि १९८५ च्या सीझनला २१ मॅचमध्ये १२ गोल आणि ६ असिस्ट, म्हणजे गोलमध्येही लीगमध्ये पहिला आणि असिस्टमध्येही पहिला, आणि टीम चॅम्पियन. कोरियात! त्या काळात आशियातल्या आशियात असं कोण जात होतं सांगा. एलजीची ती टीम म्हणजे आजची एफसी सोल. साउथ ईस्ट एशियन गेम्सची गोल्ड मेडल्सपण चार आहेत त्याच्याकडे. लोक म्हणतात सरकारी नोकरी लागली की खेळाडू सुस्तावतो, त्यांना हा माणूस दाखवायचा.

लीग सुरू झाल्यावरसुद्धा एअरफोर्सने १९९७ आणि १९९९ अशी दोनदा जिंकली. आता ही वर्षं नीट बघा. २ जुलै १९९७ ला थाई बाहत कोसळला, तिथून अख्ख्या आशियाचं आर्थिक संकट सुरू झालं. थाई फार्मर्स बँकेचा क्लब होता, लागोपाठ दोनदा आशियाचा चॅम्पियन झालेला, १९९४ आणि १९९५, तो २००० मध्ये बंद. बँकच अडचणीत आली तर फुटबॉलवर कोण खर्च करणार. पण एअरफोर्स सीझन संपवून कप घेऊन जातेय, कारण जवानाचा पगार काही केलं तरी एक तारखेला होतोच. माझ्या मते त्या दोन टायटलमागे जेवढा खेळ होता तेवढीच ही सरकारी तिजोरी होती, कुणाला पटो न पटो.

मग जे संकटातून वाचले त्यांना मारलं कुणी, तर गर्दीने. २००७ ला चोनबुरी चॅम्पियन झाली, प्रांताचं नाव लावणारी टीम, तिकडची पब्लिक बस भरभरून मॅचला. २००९ पासून आशियाई फेडरेशनच्या नियमांमुळे क्लब म्हणजे स्वतंत्र कंपनी पाहिजे असं झालं. क्रुंग थाई बँकेची टीम बँकॉक ग्लास झाली. इलेक्ट्रिसिटी खात्याची टीम २००८ ची चॅम्पियन होती, ती नेविन चिडचोब नावाच्या पुढाऱ्याने घेतली आणि उचलून बुरीरामला नेली, कंबोडियाच्या बॉर्डरजवळच्या प्रांतात, तिथे ३२ हजारांचं स्टेडियम बांधलं आणि आज तोच क्लब देशात सगळ्यात मोठा. आता एअरफोर्सने काय करायचं? वायुदलाचा मोहल्ला कुठला? शहर कुठलं? पोरगं कुणाचा शर्ट घालून शाळेत जाणार? जवानांच्या फॅमिलीज येतील, बदली झाली की जातील.

त्यांनी प्रयत्न केले, नाही असं नाही. नावं बदलली, स्पॉन्सर जोडले, एअर फोर्स सेंट्रल झाले, २०१७ ला सेकंड डिव्हिजनमध्ये दुसरे येऊन वर चढले. २०१८ ला टॉप लीग १८ वरून १६ टीम्सची करायची होती म्हणून एकदम पाच टीम्स खाली पाठवल्या, त्यात हे आणि नेव्ही दोन्ही. एका वर्षात वायुदल आणि नौदल बरोबर रेलिगेट, पोलीस तेरोपण त्यातच. मग २०१९ चा सीझन एअरफोर्स युनायटेड नावाने खेळले आणि बास. आर्मी युनायटेडनेपण तेव्हाच गाशा गुंडाळला. आर्मी १९१६ पासूनची, २०१२ ला एफए कपच्या फायनलला गेलेली, बुरीरामकडूनच २-१ नी हरली. इतकी वर्षं चाललेली दुकानं एकाच हिवाळ्यात बंद.

आमच्या नात्यातले एक काका महूला सिग्नल्सच्या कॉलेजात सिव्हिलियन स्टाफ होते. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "अरे त्यात काय, टीम बंद केली म्हणजे जवान खेळायचे थांबले का." त्यांनी पाहिलेल्या युनिटच्या मॅचेस म्हणजे टचलाइनला साहेब खुर्चीत, मागे जवान, कुक, धोबी सगळे उभे, आणि ज्याने गोल मारला तोच रात्री गार्ड ड्यूटीवर. त्यांचं म्हणणं, फौजेने तिकीट लावून मॅच विकायच्या भानगडीत पडूच नये. मला हे अर्धंच पटतं. कारण पियापाँग असा नुसत्या युनिट मॅचमधून तयार झाला नसता, त्याला समोर बँकांच्या आणि पोर्टच्या तगड्या टीम्स मिळाल्या म्हणून तो कोरियात जाऊन खेळू शकला.

आपल्याकडे फौज आयएसएलमध्ये, म्हणजे फुटबॉल क्लबांच्या बड्या लीगमध्ये, कधी आलीच नाही, त्यामुळे बंद करायलाही काही नव्हतं. पण डुरँड कप ही फुटबॉल टूर्नामेंट तर त्यांचीच, १८८८ ची, शिमल्यात सुरू झालेली. गोरखा ब्रिगेडने १९६६ आणि १९६९ ला जिंकली, आर्मी ग्रीनने २०१६ ला. राज्यांच्या टीम्सच्या संतोष ट्रॉफीत सर्व्हिसेस, म्हणजे फौजेची टीम, अजून भल्याभल्यांना रडवते, मार्च २०२४ च्या फायनलला गोव्याला १-० नी हरवलं. डुरँडमध्ये आता आर्मी, नेव्ही, एअरफोर्स तिन्ही उतरतात आणि बाहेरच्या फौजांच्या टीम्सपण बोलावतात, २०२३ ला नेपाळ आणि बांगलादेशच्या आर्मीवाले आले होते, २०२५ ला मलेशियाचे. माझं आयोजकांना एवढंच म्हणणं आहे, एकदा थाई एअरफोर्सलाही फोन लावा. क्लब नसेल, पण अकरा जण तर निघतीलच.