तुम्ही विचारलंत म्हणून: हुकूमशहा वेडे असतात का?

मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवतो, आणि दर बॅचला कुणीतरी विचारतंच, सर, हे हुकूमशहा वेडे असतात का हो? सत्ता टिकवायची एवढी धडपड, मग स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेतात? वर्गात सिलॅबस मानगुटीवर असतो म्हणून मी "वेडे नसतात, पुढे चला" म्हणून सुटतो. आज जरा सविस्तर सांगतो, आणि हिटलर-स्टॅलिन सोडून रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्यावरून सांगतो, कारण ते दोघं आले की चर्चा भलतीकडेच जाते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रोमानियावर १० अब्ज डॉलरच्या आसपास परदेशी कर्ज होतं. चाउशेस्कूनं ठरवलं सगळं फेडायचं, एक डॉलर ठेवायचा नाही. मग मांस, धान्य, तेल जे विकलं जाईल ते निर्यात आणि घरच्यांना रेशन, कडाक्याच्या थंडीत घरं गरम करायला पुरेसा गॅस नाही, ब्रेडला रांगा, आणि टीव्ही दिवसाला दोनेक तास, त्यातही बराच वेळ साहेब आणि त्यांची बायकोच. बाहेरून बघणाऱ्याला वाटणारच की हा माणूस लोकांना मुद्दाम चिडवतोय. पण त्याच्या जागी बसून बघा ना. तिकडे पोलंड कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला, १९८० मध्ये मांसाचे भाव वाढवले तर संप, त्या संपातून सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना उभी राहिली आणि सरकारला घाम फुटला. शिवाय यानं १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणात सामील व्हायला मॉस्कोला जाहीर नकार दिलेला, त्यामुळे तिकडचीही धास्ती. ज्याचे पैसे देणं लागतो त्याचं ऐकावं लागतं, सबब कर्जच नको. खुर्चीच्या हिशेबानं यात वेडेपणा कुठे आहे?

एप्रिल १९८९ मध्ये कर्ज फिटलं, ते थाटात जाहीरही केलं. आता तरी लोकांच्या ताटात चार घास जास्त पडतील असं वाटलं असेल, तर नाही, निर्यात चालूच आणि रांगाही तशाच. माझ्या मते खरी गोची इथे आहे. साहेब, आता जरा सैल सोडा, हे सांगायची हिंमत असलेला माणूस आसपास उरलाच नव्हता. म्हणजे प्रयत्न झाला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये पक्षातल्या सहा जुन्याजाणत्या नेत्यांनी उघड पत्र लिहिलं की हे असं चालणार नाही. त्यानं त्यांना नजरकैदेत टाकलं. त्याचंही लॉजिक बघा, सहा जणांना सोडून दिलं असतं तर पुढच्या महिन्यात सातव्यानं लिहिलं असतं. पण मग सातवा गप्प बसला आणि चाउशेस्कूला खरं कळायचा शेवटचा रस्ताही बंद झाला. एकेक निर्णय सुटा घेतला तर शहाणपणाचाच, सगळे मिळून माणूस आंधळा.

नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली, दुसऱ्याच दिवशी बल्गेरियाचा कम्युनिस्ट सत्ताधीश झिवकोव्ह याला त्याच्याच पक्षानं घालवलं, आणि त्याच महिन्यात बुखारेस्टला पक्षाच्या अधिवेशनात चाउशेस्कूची एकमतानं फेरनिवड झाली, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. डिसेंबरमध्ये तिमिश्वारा शहरात एका पाद्र्याला घराबाहेर काढण्यावरून लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि साहेब इराण दौऱ्यावर गेले! परत आल्यावर २१ डिसेंबरला राजधानीत सभा लावली, नेहमीसारखे कारखान्यातले कामगार आणून उभे केले, वर लाइव्ह प्रक्षेपण. वीस वर्षं हाच प्रयोग हाऊसफुल गेला होता म्हणून त्याला खात्री. गर्दीतून हुर्यो उठली तेव्हाचा त्याचा चेहरा देशानं पाहिला, प्रक्षेपण काही मिनिटं तुटलं, आणि ते तुटल्यामुळेच ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनाही कळलं. तो बाल्कनीतून पगारवाढ जाहीर करत होता. दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री मेला, सैन्य लोकांच्या बाजूला गेलं, आणि २५ तारखेला नवराबायको दोघांना गोळ्या घातल्या.

(सैन्याचंही एक सांगतो. सगळी मर्जी सेक्युरिताते या गुप्त पोलिसांवर, आणि सैनिकांना मात्र पिकं काढायला आणि बांधकामावर जुंपलेलं. असं सैन्य ऐनवेळी तुमच्यासाठी कशाला मरेल?)

आपल्याकडची आणीबाणी आठवून बघा. पेपरांवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात, नसबंदीचं टार्गेट कागदावर ओलांडलेलं, वर्षभरात ८० लाखांच्या वर. फाइल वाचणाऱ्याला वाटणार सगळं झकास चाललंय. गुप्तचरांनी जिंकणारच असं सांगितलं होतं, असं त्या काळातल्या लोकांनी लिहून ठेवलंय. १९७७ मध्ये इंदिराबाईंनी निवडणूक लावली आणि उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही, रायबरेलीत त्या स्वतः पडल्या. मात्र हरल्यावर त्या पायउतार झाल्या, हा फरक छोटा नाही.

कारण आंधळा झाला म्हणजे पडतोच असं नाही. म्यानमारच्या लष्करानं १९९० मध्ये अशीच गफलत करून निवडणूक घेतली, विरोधी नेत्या आँग सान सू ची नजरकैदेत असूनही त्यांच्या पक्षानं ४९२ पैकी ३९२ जागा घेतल्या, आणि लष्करानं सत्ता दिलीच नाही, म्हणे हे लोक फक्त घटना लिहायला निवडलेत. त्यातून ते शिकलेही. २००८ च्या घटनेत संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला राखीव आणि घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत, म्हणजे कुणीही जिंको, किल्ली यांच्याच खिशात. इथपर्यंत माझं उत्तर बरोबर बसतं. पण २०२० ला लष्कराच्या पाठिंब्याचा पक्ष परत हरला, तो नुसता घरी बसला असता तरी लष्कराचं काही बिघडत नव्हतं, आणि तरी १ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी उठाव केला, देश यादवीत गेला, कितीतरी भाग हातातून गेला. याची कारणं सांगतात लोक, सेनापतीची निवृत्ती जवळ आली होती वगैरे, पण मला तरी हा हिशेब अजून लागलेला नाही.