पद्मिनीचा गंज काढताना

बाबांनी 1986 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गाडी गोव्यात मांद्र्याच्या आमच्या घराशेजारच्या खोपीत उभी असते. समुद्र तिथून चालत पाच मिनिटांवर. 2019 च्या गणेश चवथीआधी मी ती एका गॅरेजात रंगवून घेतली. आरशासारखी चमकत होती. दुसऱ्याच पावसाळ्यात डाव्या मडगार्डवर रंगाला फोड आले. एक फोड नखाने टोकरला तर पुट्टीची बोटभर जाड खपली हातात आली. तिच्यामागे पत्रा नव्हताच, नुसती तांबडी भुकटी.

मग म्हापशाजवळच्या एका म्हाताऱ्या मेस्ताला, म्हणजे गाड्यांच्या कारागिराला, दाखवली. त्यांनी गाडीखाली जाऊन दाराखालच्या पेट्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं, बाहेर आले आणि म्हणाले, "तें भायल्यान येना रे पुता, भितरल्यान येता." म्हणजे गंज बाहेरून येत नाही, आतून येतो. पुढचे सहा महिने मी या एका वाक्यावर काम केलं.

पद्मिनी म्हणजे फियाट 1100 चीच वंशज, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. तिला वेगळा चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसतो, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालच्या त्या पोकळ पेट्या सडल्या की गाडी मधोमध वाकायला लागते आणि दारं नीट बसत नाहीत. माझ्या गाडीचं उजवं दार बरेच दिवस वर उचलून लावावं लागत होतं. मला वाटायचं बिजागऱ्या झिजल्या.

काम मुद्दाम नोव्हेंबरमध्ये, पाऊस पुरता गेल्यावर सुरू केलं. पेट्या कापण्याआधी मेस्तांनी दारांच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे वेल्ड केले, म्हणजे बॉडी खचणार नाही. एका वेळी एकच बाजू उघडायची, हा त्यांचा नियम. पेटीतून ओंजळभर माती निघाली. पाणी बाहेर जाण्याची भोकं तिनेच बुजली होती, त्यामुळे कित्येक वर्षं पावसाचं पाणी आतच साचत होतं.

नवा पत्रा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगने बसवला, तोही टाका इथे, टाका तिथे असा, नाहीतर तापून वेडावाकडा होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पाठीमागचा रंग जळून पत्रा उघडा पडतो आणि ती बाजू कुणाला दिसत नाही. म्हणून जोडांवर आधी जस्ताचा प्रायमर मारला. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, तोवर लोखंड टिकतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ मिठाने खाल्ला. जिथे पत्रा शाबूत होता, तिथे वायर ब्रशने घासून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बारीक खड्ड्यांत काळे ओले ठिपके, घाम फुटल्यासारखे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ त्या खड्ड्यांत बसलेलं असतं. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच हे. वरून कितीही भारी रंग मारा, आत ते मीठ राहिलं तर गंज चालूच राहतो. म्हणून घासायच्या आधी गोड्या पाण्याने धुणं, घासल्यावर कढत पाण्याने धुणं आणि लगेच हीट गनने सुकवणं, हे काही जागी चार-चार वेळा केलं. उघड्या पत्र्याला नुसता हात लावायचा नाही, घामातही मीठ असतं. मी पूर्ण वेळ हातमोजे घालून होतो.

खोल खड्ड्यांत गंज उरलाच तिथे फॉस्फरिक आम्लाचं कन्व्हर्टर लावलं. गंज काळा पडतो, त्याचं लोह फॉस्फेट होतं. पण आम्लाचा अंश राहिला तर वरचा प्रायमर धरत नाही, त्यामुळे पुन्हा धुणं आलंच.

यानंतर दोन हात इपॉक्सी प्रायमर, म्हणजे ओल अडवणारं अस्तर, आणि पुट्टी त्याच्यावर. आधीच्या गॅरेजने नेमकं उलट केलं होतं, थेट पत्र्यावर पुट्टी. पुट्टी ओल शोषते, तिच्याखाली इपॉक्सी नसेल तर ती ओल सरळ लोखंडाला जाऊन भिडते. रंगकामाला कुणी कितीही घाई करो, इथे मी अडून बसेन. जानेवारीत पहाटे दंव पडायचं, म्हणून दहाच्या आधी फवारणी नाही, ऊन येऊन पत्रा कोमट झाल्यावरच. सांध्यांना सीलर लावला. रंगाविषयी विशेष काही सांगण्यासारखं नाही, मूळचाच फिकट निळा दिला.

गाडीखाली जळकं इंजिन ऑइल मारायचा सल्ला अनेकांनी दिला. मी नाही मारलं. त्याने रबराचे बुश फुगतात, आणि ते पहिल्या पावसात निम्मं वाहून जातं. जाड डांबरी कोटही टाळला, कारण त्याला चीर गेली की पाणी मागे अडकतं आणि वरून काही कळत नाही. त्याऐवजी मार्चमध्ये, पेट्या उन्हाने तापलेल्या असताना, लांब नळीने आत मेण फवारलं. प्रत्येक भोकातून ते ठिबकेपर्यंत फवारलं, आणि मग भोकं तारेने मोकळी केली.

खोपीतलं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं. त्याच्याखाली दमट हवा कोंडते.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री टॉर्च घेऊन खोपीत गेलो. रबराची मॅट उचलली, खाली कोरडं. वाकून पाहिलं तर दाराच्या तळाच्या भोकातून पाणी थेंबथेंब गळत होतं, स्वच्छ, तांबडी छटा नसलेलं. आईला बोलावून ते दाखवलं.