तुम्ही विचारलंत म्हणून: जुना प्रिंटर फोडून पीसीबी कशाला?

"दादा, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांब्याचे ट्रॅक असलेला बोर्ड) तर हल्ली ऑनलाइन स्वस्तात बनवून मिळतो, मग तुम्ही भंगारातले लेझर प्रिंटर कशाला गोळा करता?" रत्नागिरीत माझ्याकडे शिकायला येणारा जवळपास प्रत्येक पोरगा हे विचारतोच, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

पहिलं कारण वेळ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याच्या बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, आणि त्याच दिवसांत बॅटरी कटऑफ (बॅटरी फार उतरू नये म्हणून तोडणारं सर्किट), लाइटचे ड्रायव्हर (दिव्याला नेमकी वीज देणारं सर्किट) अशी सगळी कामं एकदम येतात आणि सगळ्यांनाच सीझन सुरू व्हायच्या आधी हवी असतात. डिझाइनमध्ये एक ट्रॅक बदलायचा म्हटलं तरी पुन्हा ऑर्डर, पुन्हा कुरिअर, त्यात पावसात घाट बंद झाला की बसा वाट बघत. घरी केला तर सकाळी बदललेला बोर्ड संध्याकाळी टेस्टला लागतो.

आता प्रिंटरच का? कारण त्यातला फ्यूजर, म्हणजे टोनर तापवून कागदाला चिकटवणारा भाग. सर्किटची नक्षी लेझर प्रिंटरने ग्लॉसी कागदावर छापायची आणि तो कागद तांब्याच्या बोर्डवर ठेवून तापवायचा, की नक्षी बोर्डवर उतरते. टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची पावडर, तापली की वितळून तांब्याला चिकटते आणि मग फेरिक क्लोराइड (तांबं विरघळवणारं रसायन) तिच्याखालच्या तांब्याला हात लावू शकत नाही. बरेच जण हे इस्त्रीने करतात, पण इस्त्रीचा दाब कुठे जास्त कुठे कमी पडतो, कडेचे बारीक ट्रॅक उठतच नाहीत. फ्यूजरमध्ये उसाच्या चरकासारखे दोन रोलर, एक तापणारा आणि एक रबराचा, त्यामुळे उष्णता आणि दाब दोन्ही सगळीकडे सारखे.

फक्त तो कागदासाठी बनवलेला असतो हे विसरायचं नाही. बोर्ड १.६ मिमी जाड, म्हणून दाबाच्या स्प्रिंगा थोड्या सैल कराव्या लागतात, नाहीतर ०.८ मिमीचा बोर्ड घ्यायचा. आणि वेग! प्रिंटर मिनिटाला १४-१५ पानं ओढतो, त्या वेगात तांबं तापतच नाही, म्हणून मूळ मोटर काढून हळू फिरणारी गिअर मोटर लावायची आणि बोर्ड चार-पाच वेळा रोलरमधून काढायचा. आतला हॅलोजन दिवा थेट २३० व्होल्टवर चालतो, त्यामुळे बॉडीला अर्थिंग पाहिजेच, आणि थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) बायपास करायचा नाही म्हणजे नाही. लेझर युनिट चालू असताना उघडू नका, तो किरण डोळ्यांना दिसत नाही पण डोळे जाऊ शकतात.

कोकणात दोन गोष्टींचा त्रास जास्त. एक म्हणजे कागद. पावसाळ्यात ग्लॉसी पेपर ओल धरतो, गरम झाला की आतली वाफ टोनरला फोड आणते, म्हणून मी कागद सिलिका जेल टाकून घट्ट डब्यात ठेवतो आणि छापण्याआधी एकदा कोराच प्रिंटरमधून काढतो. दुसरी खारी हवा. नवा कोरा बोर्डसुद्धा कपाटात पडून पडून तपकिरी होतो, तो हिरव्या स्क्रबरने चमकेपर्यंत घासायचा, धुवायचा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचा आणि मग त्याला बोट लावायचं नाही. एचिंग (फेरिक क्लोराइडने नको ते तांबं काढणं) झालं की त्याच दिवशी टोनर पुसून आयपीएत विरघळवलेल्या रोझिनचा (राळेचा) हात मारायचा, दुसऱ्या दिवसावर टाकलं की ट्रॅक काळे पडतात आणि सोल्डर धरत नाही.

वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आपली मोरी वहाळात जाते, वहाळ खाडीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं माश्यांना घातक असतं. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा थोडाथोडा टाका, फेस यायचा थांबला की गाळ खाली बसतो, तो वाळवून ई-कचऱ्यात द्या.

आणि भंगारवाल्याकडे जाल तेव्हा दिसेल तो प्रिंटर उचलू नका. एचपी १०२० ढिगाने मिळतात पण त्यांच्या फ्यूजरमध्ये पातळ फिल्म असते, बोर्डाची कड लागली की फाटते. धातूचा रोलर आणि आत लांब काचेचा दिवा असलेला जुना जड प्रिंटर मागा. बाजूचं झाकण काढून, टॉर्च मारून, दिवा डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या.