पूर्व भाग, निशिकासाई

भोगीच्या आदल्या दिवशी

पहाटे चारला जाग आली. टोकियोत या वेळी साडेसात वाजलेले असतात, अंगात अजून तिथलंच घड्याळ आहे. अंधारात पडल्या पडल्या यंत्रमागांचा आवाज ऐकत राहिले. घरामागच्या शेडमध्ये आमचे चार, शेजाऱ्यांचे आठ आणि त्यापलीकडे सगळ्या गल्लीचे. याच आवाजात वाढले, याच आवाजात बारावीचा अभ्यास केला. टोकियोतले पहिले दोन महिने मला धड झोप नव्हती. अम्मा फोनवर विचारायची, "एवढं मोठं शहर, गोंगाट फार असेल ना गं?" मी "हो" म्हणून सोडून द्यायचे. खरं तर रात्री माझ्या खोलीत कसलाच आवाज नसायचा, आणि तेच सोसवत नव्हतं. शेवटी धाकट्याकडून शेडमधला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मागवला. तो उशाशी लावून झोपायचे. हे घरी त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

एकवीस महिन्यांनी आले आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे नोकरीला सहा महिने झाले की वर्षाची दहा दिवस पगारी रजा मिळते. गेल्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, येता आलं असतं, पण घराच्या अनामतीत आणि सामानात सगळे पैसे गेले होते. या वेळी एकही रजा दुसरीकडे खर्च केली नाही. गड्डा चुकवायचा नाही, हे ठरलेलं होतं.

भोगी

सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पाहायला सम्मती कट्ट्यावर गेलो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, आणि गर्दीतून उठणारं "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र". "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" सुरू झालं आणि माझ्या मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झाल्या. शेजारी कुणी कन्नडमध्ये बोलत होतं, पुढची बाई पोराला मराठीत दटावत होती, अव्वा, माझी आजी, मला तेलुगूत सांगत होती की नीट टाक, पायाखाली येऊ देऊ नकोस. तीन भाषा एकदम कानावर पडल्या आणि तिन्ही कळल्या. टोकियोत पहिल्या दिवसांत मेट्रोत उभी असताना एकही शब्द कळायचा नाही. तिथे डब्यात कुणी फोनवरही बोलत नाही. सूचना तेवढ्या यायच्या, त्यांतलं स्टेशनचं नाव पकडायचा प्रयत्न करायचे आणि दर वेळी भीती, की आपलं उतरायचं गेलं.

घरी बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. जेवताना अव्वाला ताकाकिबीची गोष्ट सांगितली. तिथल्या दुकानात धान्याच्या छोट्या पुड्या मिळतात, त्यांत तांबूस दाण्यांची एक दिसली. ताकाकिबी म्हणजे ज्वारीच. मला एवढा आनंद झाला की चार पुड्या घेतल्या आणि मिक्सरवर दळल्या. पण ती निघाली चिकट जातीची ज्वारी, भातात घालून शिजवायची. पीठ हाताला असं धरून बसलं की भाकरी थापता येईना. पुढे निशिकासाईत, टोकियोत मी राहते त्या भागात, भारतीय दुकानात पीठ मिळालं, तर त्याची विरी गेलेली, भाकरी कडेनं चिरायची. आधणाच्या पाण्यात मळायला लागले तेव्हा कुठे जमलं. अव्वा लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "मला इथं मीठ आणता येत नव्हतं."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती करीमनगरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. सोलापूरच्या या पूर्व भागात सगळे पद्मशालीच, म्हणजे आमचेच तेलुगू विणकर, त्यामुळे गल्लीत अडायचं नाही. पण एकदा सासूनं लांबच्या दुकानात मीठ आणायला पाठवलं. 'उप्पु' म्हटलेलं दुकानदाराला कळेना. हिनं जिभेला बोट लावून तोंड वाकडं करून दाखवलं. त्यानं चिंच दिली. ती चिंच घेऊन ही तासभर मारुतीच्या देवळात बसून राहिली, घरी जायचा धीर होईना.

मला माझं पहिलं सुपरमार्केट आठवलं. दोन पांढऱ्या पिशव्या, दोन्हींवर चित्र नाही, एकीत मीठ आणि एकीत साखर. अक्षरं वाचता येत नव्हती आणि विचारायचं धाडस नव्हतं. दोन्ही घेऊन घरी गेले. अव्वाला हे सांगितलं तर तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

संक्रांत

सकाळी धाकट्याबरोबर भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकात गेले. शाळेत असताना सहलीच्या रांगेतून बघितलेलं. तेव्हा डोक्यात राहिलं ते एवढंच, की सोलापूरचा एक डॉक्टर चीनमध्ये गेला आणि थोर झाला. आज वेगळंच बघत होते. 1938 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी हा माणूस तिथे गेला, युद्धात जखमींवर उपचार करता करता चिनी शिकला, तिथेच लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेला. शस्त्रक्रिया करताना पहिल्या महिन्यात त्यांना "दुखतंय का" हे कसं विचारता आलं असेल? मला हल्ली असल्या गोष्टी कळून घ्याव्याशा वाटतात. माझी तुलना त्यांच्याशी नाही. मी यंत्रांच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते, पगार घेते, संध्याकाळी घरी येते.

दुपारी तिळगूळ वाटून झाल्यावर गल्लीतल्या बायकांनी घेरलं. भूकंप होतात का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. होतात. पहिला आला तेव्हा तिथे रात्रीचे दोन वाजले होते. आधी मोबाइल किंचाळला, मग कपाट हललं. मी टेबलाखाली बसून घरी फोन लावला. अम्मानं उचलला आणि घाबरायचं सोडून एकदम शांत आवाजात विचारलं, "भिंती कशाच्या आहेत?" मी म्हटलं, "काँक्रीट." "मग बस तिथंच." किल्लारीच्या रात्री, 30 सप्टेंबर 1993 ला, ती इथेच होती. गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. पुढचे कितीतरी दिवस लोक घरात झोपायला तयार नव्हते. किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसं मारली, हे तिच्या मनात कायमचं बसलंय. म्हणून तो प्रश्न.

घराचंही सगळ्यांना सांगितलं. तिथे भाड्याचं घर मिळवणं हे कामापेक्षा अवघड गेलं. सात घरं पाहिली, त्यातल्या चार ठिकाणी एजंटानं वाकून माफी मागत सांगितलं की मालक परदेशी माणसाला देत नाहीत. बाकीच्यांत अनामत वेगळी आणि 'रेइकिन' वेगळं. रेइकिन म्हणजे मालकाला आभार म्हणून द्यायचे पैसे, ते परत मिळत नाहीत. वर जामीन राहणारी कंपनी हवी, तिची फी. मोबाइलसाठी बँकखातं हवं, बँकेला मोबाइल नंबर हवा. त्या आठवड्यात एका संध्याकाळी स्टेशनच्या जिन्यावर बसून मी रडले. ऑफिसातल्या पुण्याच्या ताईंनी यूआरबद्दल सांगितलं. ही निमसरकारी वसाहतींची घरं. रेइकिन नाही, जामीन नाही, परदेशी म्हणून नकार नाही, उत्पन्नाचा दाखला दाखवला की झालं. नव्यानं जाणाऱ्या कुणीही आधी तिथे चौकशी करावी, माझे दोन महिने वाया गेले. तसं मिळालेलं घर निशिकासाईत. 2000 च्या आसपास संगणकातला वर्षाचा घोळ निस्तरायला भारतातून इंजिनिअर गेले, ते तोझाई लाइनवरून ऑफिसला जाणं सोपं म्हणून तिथे राहिले, आणि मग एकामागून एक येत राहिले. त्या एडोगावा वॉर्डात 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडूनही आले.

'निशि' म्हणजे पश्चिम. पूर्व भागातली मी पश्चिम कासाईत राहते, हे बापूंना, माझ्या वडिलांना, फार आवडलं. दोनदा म्हणायला लावलं.

किंक्रांत

आज बापूंशी टॉवेलवर बोलणं झालं. पाहायला गेलं तर हे पत्रात लिहिण्यासारखं होतं, पण समोर बसूनच सांगायचं होतं.

जपानमध्ये नव्या घरात गेलं की आपणहून शेजाऱ्यांकडे जाऊन ओळख करून द्यायची रीत आहे, आणि सोबत छोटी भेट न्यायची. ती भेट पूर्वापार टॉवेलची असते. ताईंनी हे सांगितलं तेव्हा मी हसत सुटले, कारण अम्मानं माझ्या बॅगेत कोंबलेले आमच्याच मागावरचे सहा टॉवेल तसेच पडून होते. वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर एकेक दिला. पाठ केलेलं वाक्य म्हटलं, आणि पुढे माझं एक जोडलं, "वडिलांनी विणलाय." उजवीकडच्या आजी सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात. दुसऱ्या दिवशी त्या संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. आमची कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली म्हणून त्यावर चिठ्ठी लागली होती, तेव्हा त्यांनीच जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद असं सगळं माझ्या दिनदर्शिकेवर रंगीत पेन्सिलनं खुणा करून दिलं. आता सकाळी बाल्कनीत आले की त्यांच्या दोरीवर लाल काठाचा टॉवेल वाळत असतो. सोलापूरचा.

बापू ऐकत राहिले. मग मी इमाबारीचं सांगितलं. शिकोकू बेटावरचं टॉवेलांचं गाव. नव्वदनंतर स्वस्त आयात मालानं तिथले कारखाने धडाधड बंद पडत गेले. 2006 साली उरलेल्यांनी एकत्र येऊन एक शिक्का ठरवला. टॉवेलचा सेंटिमीटरभर तुकडा पाण्यावर टाकायचा, पाच सेकंदांत बुडायला लागला तरच शिक्का मिळणार. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, पण ते कागदावर लावून घरात ठेवल्यासारखं झालंय.

बापू काही न बोलता उठले. कात्री आणि स्टीलचं पातेलं घेऊन आले. मागावरून कालच उतरलेल्या टॉवेलचा कोपरा कापला आणि पाण्यात सोडला. मी मोबाइलवर सेकंद मोजले. तो तुकडा तरंगत राहिला. वीस, तीस, चाळीस. बापू म्हणाले, "सायझिंगची खळ आहे त्यात." विणण्याआधी सुताला लावतात ती. मग मोरीतला जुना, दहा वर्षं धुतलेला टॉवेल आणला, त्याचा कोपरा कापला. टाकल्याबरोबर तळाला गेला. दोन्ही तुकडे ते कितीतरी वेळ बघत होते. "म्हणजे विणीत काही चुकत नाही," ते हळू म्हणाले, "धुऊन द्यायला पाहिजे. आम्ही खळीसकट विकतो, वजन भरतं म्हणून." चाळीस वर्षं माग चालवलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला काही सुचेना. मी फक्त पातेलं धरून बसले.

संध्याकाळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम पाहिलं. मागच्या ऑगस्टमध्ये एडोगावा नदीच्या काठावर त्या आजींबरोबर सतरंजी टाकून असंच बसले होते, त्यांनी घरून भाताचे गोळे आणले होते. इथे अव्वानं पदरात शेंगा आणल्या.

घरी आल्यावर बापूंनी विचारलं, तिथला टॉवेल केवढा असतो? रोजचा तोंड पुसायचा 34 सेंटिमीटर रुंद आणि 80 लांब, मी सांगितलं. त्यांनी टेपनं ते फरशीवर मोजलं, खडूनं रेघा मारल्या आणि म्हणाले, पुढच्या बीमला लावतो, आधी धुऊन मग पाठवतो. "त्या बाईंना रंग कुठला आवडतो?" मला माहीत नव्हतं. दारात निळ्या फुलांची कुंडी असते, एवढं सांगितलं.

शेडमधून ते निळ्या सुताचे पाच कोन घेऊन आले आणि बल्बखाली ओळीनं मांडले. अव्वानं चष्मा लावला, एकेक हातात घेऊन पाहिला आणि चौथा माझ्यापुढे सरकवला.