चहाचा कप आणि बाहेरून लावलेलं कुलूप

"ताई, कॉलेजात थ्रिलरची सुरुवातीची दोन मिनिटं करायला सांगितलीत. सगळ्यांचे मिळून चार-साडेचार हजार जमतील. कुठून सुरुवात करू?" दिवाळीची सुट्टी संपली की हा प्रश्न मला हमखास येतो. मी पुण्यात फिल्म संकलनाचं, म्हणजे एडिटिंगचं काम करते. मुलं माझ्यापर्यंत येतात तेव्हा बहुतेकदा शूटिंग उरकलेलं असतं, हातात हार्ड डिस्क असते आणि जे राहून गेलं ते राहूनच गेलेलं असतं. तुम्ही शूटिंगच्या आधी विचारलंत, म्हणून नीट बसून लिहिते.

मागे पाच जणांचा एक गट आला होता. त्यांनी लिहिलेला प्रसंग असा: लोणावळ्याचा बंगला, धो धो पाऊस, घाटात बंद पडलेली गाडी, डिकीत प्रेत, वरून ड्रोनचा शॉट. बजेट साडेचार हजार. मी त्यांना तो कागद बाजूला ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या कागदावर, पैसे न देता काय काय मिळू शकतं, एवढंच लिहा म्हटलं. अर्ध्या तासाने यादी तयार झाली. गटातल्या एकीच्या मावशीचं सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यातलं दोन खोल्यांचं घर, आणि मावशी चार दिवस गावाला जाणार. चालताना कुरकुरणारा लाकडी जिना. दाराला जुनं पितळी कुलूप. एकांकिकांत काम करणारी एक मैत्रीण. बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा एक फोन.

मी म्हटलं, झाली की तुमची फिल्म.

थ्रिलर हा कमी पैशांत सगळ्यात चांगला जमणारा प्रकार आहे, असं माझं पक्कं मत आहे. ऐतिहासिक करायचं तर शंभर पगड्या लागतात. थ्रिलर चालतो तो प्रेक्षकाला काय सांगितलं आणि काय राखून ठेवलं यावर, आणि राखून ठेवायला एक रुपयाही लागत नाही. म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा: या दोन मिनिटांत प्रेक्षकाला काय माहीत असेल, आणि पडद्यावरच्या माणसाला काय माहीत असेल? हे ठरल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू नका.

यादीतून त्यांनी नवा प्रसंग रचला. एकटी राहणारी मुलगी संध्याकाळी घरी येते, कुलूप काढते, आत जाते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चहाचा कप. त्यातून वाफ निघतेय. तिथे कट आणि फिल्मचं नाव. छान होता, पण गंमत सगळी शेवटच्या तीन सेकंदांत. त्याआधी दीड मिनिट एक मुलगी जिना चढतेय, आणि बघणाऱ्याने ते का बघायचं याला उत्तर नव्हतं.

थ्रिलरसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक, त्याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. दोन माणसं गप्पा मारतायत आणि एकदम स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद हादरतो. तोच बॉम्ब त्याला आधी दाखवला, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. मुलांना हे उदाहरण पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. मग मी एवढंच विचारलं, "तुमचा बॉम्ब कुठाय?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, "चहा. चहा आधी दाखवू."

आणि क्रम फिरला. पहिला शॉट: अंधारं स्वयंपाकघर, एक हात गाळणीतून कपात चहा ओततोय. गॅस बंद होतो. दुसरा शॉट: त्याच घराचं दार, बाहेरून कुलूप. त्यानंतर मुलगी जिना चढायला लागते. आता तिच्या प्रत्येक पायरीला बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि खर्च तोच, एक कप चहाचा.

चहाच्या त्या शॉटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण वेळ खाल्ला तो त्यानेच. साध्या उजेडात वाफ कॅमेऱ्यात दिसतच नाही. मुलांनी पहिल्यांदा ओट्यावरची ट्यूब लावून शॉट घेतला, तर चहा गार वाटत होता. वाफ दिसायला तिच्या मागे अंधार लागतो आणि उजेड मागून, जरा बाजूने यावा लागतो. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवर काळं जाड कापड लावलं. लांब वायरचा होल्डर घेतला, त्यात नऊ वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब, आणि तो बरणीच्या आड, कपाच्या मागे. पुढून अगदी थोडा उजेड हवा म्हणून तो परतवायला थर्माकोलचा तुकडा. वाफ अशी उठली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टेक वाया गेला. वाफ टिकते मिनिटभर. त्यामुळे प्रत्येक टेकला चहा उकळता हवा, कपात तेवढाच हवा, साय येता कामा नये. एका मुलाचं दिवसभराचं काम फक्त तेच होतं, आणि त्याने ते जीव ओतून केलं.

शॉट्सची यादी आधी एकतीसची होती. माझ्यासमोर बसून ती सतरावर आणली. प्रत्येक शॉटपुढे "याने प्रेक्षकाला नवीन काय कळतं?" हे लिहायला लावलं, उत्तर आलं नाही तो शॉट कापला. मग ज्या शॉट्सना कॅमेरा आणि उजेड एकाच बाजूला राहतो, ते एकत्र केले. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने करू नका. अर्धा दिवस दिवे हलवण्यात जातो.

आणि तालीम करा, कृपा करून करा. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनची पहिली पूर्ण लांबीची फिल्म, १९९८ सालची 'फॉलोइंग', साधारण सहा हजार डॉलरमध्ये झाली. १६ मिमीचं कृष्णधवल रीळ विकत घ्यायचं म्हणजे खर्च, म्हणून मंडळींनी भरपूर तालमी केल्या आणि एक-दोन टेकमध्ये शॉट संपवले. सगळे नोकऱ्या करणारे, त्यामुळे शूटिंग शनिवारी. तुमच्या फोनमध्ये टेक फुकट आहे, म्हणून तालीम बुडते आणि पंचवीस टेकनंतर नटीचा चेहरा थकून जातो. या गटाने त्याच घरात दोन संध्याकाळी तालीम केली. दुसऱ्या संध्याकाळी त्या मैत्रिणीने दमून ओट्यावरचा कप उचलला, घोट घेतला आणि सहज म्हणाली, "साखर कमी झाली." सगळे गप्प. तिथेच शेवट सापडला. मुलगी आत येते, कप बघते, दचकत नाही, किंचाळत नाही. घोट घेते आणि अंधाराकडे बघून म्हणते, "साखर कमी झाली." म्हणजे आत कोण आहे हे तिला ठाऊक आहे. आतापर्यंत आपल्याला जास्त माहीत होतं, एका वाक्यात ती आपल्या पुढे गेली. हे मला सुचलं नसतं.

जागा बघायला जाल तेव्हा ज्या वेळी शूटिंग आहे त्याच वेळी जा, आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसा. वाड्यात सहाच्या सुमाराला पाण्याचा पंप सुरू व्हायचा, साडेसहाला जवळच्या देवळात आरती, सातनंतर शेजारी कुकरच्या शिट्ट्या. हे सगळं लिहून काढलं. पंपाच्या वेळात संवाद ठेवला नाही. कुकरच्या शिट्ट्या मात्र आम्ही मुद्दाम वेगळ्या ध्वनिमुद्रित केल्या. जिना चढताना पहिली शिट्टी, कुलूप काढताना दुसरी, आणि तिसरीची वाट बघायला लावून ती दिलीच नाही. या फिल्मला संगीत नाही. दुसऱ्याचं उचललेलं संगीत लावू नका, हक्कांची भानगड नंतर कुठल्याही महोत्सवात आडवी येते. आणि तुमच्या जिन्याच्या कुरकुरीइतकं चांगलं ते नसतंही.

आवाजावर पैसे खर्च करा, कॅमेऱ्यावर नको. जरा धूसर चित्र लोक सहन करतात, न कळणारा संवाद कोणी सहन करत नाही. कॉलरला लावायचा साधा वायरवाला माइक दुसऱ्या फोनला जोडला तरी काम होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात की घराची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही. दुसऱ्याच्या घरातलं दूध नासवून पुढच्या वर्षीच्या मुलांची वाट बंद करू नका. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधल्या फटी बुजवायला मला तीच लागते.

या मुलांची एक चूक महागात पडली, ती तुमची होऊ नये. पहिल्या दिवशी जिन्यावरचं सगळं चित्रण फोनच्या ऑटोवर झालं. जिन्यात ट्यूबलाइट. फोनच्या छोट्या पडद्यावर कोणाच्या लक्षात आलं नाही. रात्री माझ्या मॉनिटरवर लावलं, तर भिंतीवरून काळसर पट्टे लाटांसारखे सरकत होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. फोन सेकंदाला ३० फ्रेमवर आणि मनाला येईल त्या शटरवर (एका फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो, ते शटर) चालला की ही लय जुळत नाही. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद असं पक्कं करून ठेवलं की पट्टे जातात. हे सेटिंग देणारी मोफत अ‍ॅप्स आहेत. स्वस्त एलईडी बल्बही असाच त्रास देतात, म्हणून पहिल्या शॉटनंतर चित्रण मोठ्या पडद्यावर बघूनच पुढे जा.

जिना पुन्हा शूट करायचं ठरलं आणि तेवढ्यात कुलूप हरवलं. कोणाच्या तरी बॅगेतून कुठेतरी गेलं. कुलपाचा क्लोजअप आधीच झाला होता, छान झाला होता, तो कोणाला सोडवेना. रविवारी सकाळी दोघं जुन्या बाजारात गेली, फोनमधला क्लोजअप दाखवत तीन तास फिरली आणि जवळपास तसंच पितळी कुलूप ३५० रुपयांना घेऊन आली. खाली कोपऱ्यात एक पोचा होता, तेवढा खिळ्याने ठोकून काढला. म्हणून सांगते, प्रत्येक वस्तूचा चारही बाजूंनी फोटो काढा, वस्तू एकाच माणसाच्या ताब्यात द्या, आणि पाचशे रुपये शेवटपर्यंत मोडू नका.

बाकीचे चार हजार असे गेले: दोन दिवस सात जणांचं जेवण, नाश्ता, चहा यावर २,१००, माइक ८५०, बल्ब, होल्डर, वायर ५००, काळं कापड ३५०, रिक्षा २००. निम्म्याहून जास्त पैसे पोटात गेले, आणि ते तसेच जावेत. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, १९१३ च्या त्या पहिल्या खटाटोपात, सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. फुकट काम करणाऱ्या माणसाला वेळेवर गरम जेवण मिळालं की तो रात्री अकरालाही अजून एक टेक देतो.

अंधाराचं म्हणाल, तर संध्याकाळचा निळसर उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतो. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्या वेळात एकच बाहेरचा शॉट ठेवा. घरातली रात्र खिडक्यांना कापड लावून भर दुपारीही करता येते. चाकू-पिस्तूल रस्त्यावर काढायचं असेल, खेळण्यातलं असलं तरी, आधी पोलीस चौकीत सांगा आणि परवानगी घ्या. शेजाऱ्यांनाही सांगा. खरं तर या दोन मिनिटांत ते नसलेलंच बरं.

नावांसाठी फ्रेममध्ये मोकळी जागा शूटिंगच्या वेळीच सोडा. या मुलांनी जिन्याची उजवी भिंत रिकामी ठेवली होती, सगळी श्रेयनामं तिथे सुखाने बसली. अक्षरं मराठी असू द्या. मुक्ता हा फॉण्ट मोफत मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रांना जागा ठेवा, आणि जोडाक्षरं फुटत नाहीत ना ते प्रत्येक नावात तपासा. ज्याने दिवसभर चहा उकळला, त्याचं नाव पडद्यावर चुकीचं दिसू नये.

फिल्म दाखवली तेव्हा मावशीही आल्या होत्या. आपलाच जिना, आपलाच ओटा बघत होत्या. "साखर कमी झाली" या वाक्याला त्यांनी भाचीचा हात घट्ट धरला. रात्री तिला फोन करून म्हणाल्या, "आज माझ्याकडेच झोपायला ये गं."

तुमच्याकडे काय काय आहे, ती यादी घेऊन या. प्रसंग नंतर लिहू.