न्यूमोनिया समजून चुकलो तिथून: आमच्या लॅबची वाटचाल

आटपाडीच्या बाजूला आमची छोटी पशुवैद्यकीय लॅब आणि पुढच्या गाळ्यात औषधाचं दुकान, मी, बायको आणि सॅम्पल आणायला एक पोरगा, एवढाच स्टाफ. सुरुवातीला डोक्यात गाई-म्हशीच होत्या, शेण तपासायचं, दूध तपासायचं, रक्ताची काच बघायची. शेळ्यामेंढ्यांचं काम येईल असं वाटलंच नव्हतं, कारण शेळी आजारी पडली की चार दिवस वाट बघायची, मग कुणीतरी सांगितलेलं इंजेक्शन आणि मेली की पुरायची, तपासणीला पैसे कोण देणार?

पहिल्याच वर्षी एक मामा बाईकवर मधी करडू धरून आले. ताप १०६, डोळ्यातून पाणी, नाक वाहतंय. मी म्हणलं न्यूमोनिया आहे, अँटिबायोटिक दिलं. घरात चौदा शेळ्या, आठवड्यापूर्वी बाजारातून दोन नवीन आणल्यात, हे मी विचारलंच नाही. चौथ्या दिवशी फोन, "डाक्टर, सहा गेल्या."

गोठ्यावर गेलो, एकीचं तोंड उघडलं तर हिरड्यांवर गव्हाचा कोंडा चिकटावा तसा पांढरा थर आणि वास असा की मान फिरवावी लागली. नाकातला शेंबूड वाळून भोकं बुजलेली, तोंडानं श्वास चाललेला, मागचे पाय हगवणीनं भरलेले. तेव्हा डोक्यात पीपीआर आलं, म्हणजे शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी, झपाट्यानं पसरणारा आजार. गाईम्हशींच्या बुळकांडीच्याच घराण्यातला व्हायरस हा, १९८७ ला तमिळनाडूत आपल्या देशात पहिल्यांदा सापडला. गाईम्हशींची बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, ही शेळ्यांची अजून आहे. फुफ्फुसात मागनं बॅक्टेरिया शिरतात म्हणून अँटिबायोटिकनं जरा बरं वाटतं आणि तिथंच माणूस फसतो.

मग दुसरी चूक. मरायला टेकलेल्या दोघींचे स्वॅब घेतले आणि भर उन्हात एसटीनं पुण्याच्या सरकारी लॅबला पाठवले, पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं. रिपोर्टमधे काहीच सापडलं नाही. फोनवर तिथल्या मॅडमनी मला चांगलंच झापलं, म्हणाल्या शेवटाला आलेलं जनावर नको, आज ज्याला ताप चढलाय, डोळे गळायला लागलेत तेच धरा.

आमचा धंदा खरं तर त्या फोनपासून सुरू झाला म्हणा. कर्ज काढून डीप फ्रीजर घेतला, लाईटीचा भरोसा नाही म्हणून इन्व्हर्टर, दोन आईसबॉक्स. डोळ्याचा, नाकाचा स्वॅब, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) बाटलीत रक्त, मेलेलं असंल तर प्लीहा आणि लसिका गाठींचे तुकडे बर्फात, फॉर्मॅलीनमधे नाही (ते वेगळ्या तपासणीला). पक्कं निदान आम्ही देत नाही, ते सरकारी लॅबच देते, आम्ही नमुना नीट पोचवतो. आणि पहिला प्रश्न, लस कधी दिली? कारण अँटिबॉडीच्या (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या) टेस्टमधे लस दिलेली शेळी आणि आजारातून उठलेली शेळी सारखीच दिसते, चालू साथीत व्हायरस पकडणारी टेस्टच मागावी लागते, एलायझा नाहीतर पीसीआर. मावा, नीलजिव्हा, लाळ्या खुरकूत, हे दुसरे आजारही सगळेच तोंडाला फोड नाहीतर जखमा करतात, नुसतं बघून पैज लावायची नाही.

धंद्याच्या हिशोबानं बघितलं तर हे तोट्याचंच. पीपीआर म्हणलं की निम्मी इंजेक्शनं आमच्याच दुकानातून खपत नाहीत, व्हायरसवर औषधच नाही. वर साथ आली की कायद्यानं सरकारला कळवावं लागतं, २००९ चा कायदा आहे तसा, त्यावर लोकं चिडतात. "कळवू नका ओ, उद्या बाजार हाय," असं तोंडावर म्हणलेत, दोघं-तिघं तेव्हापासून दुकानाची पायरी चढले नाहीत.

पण मामा येतात. उरलेल्यांना ती साथ सरल्यावर लस टोचली, एक मिली कातडीखाली, तीन वर्षं चालते. आता बाजारातनं आणलेली शेळी ते तीन आठवडे मागच्या पत्र्याच्या खोपटात ठेवतात, मालकीणबाई म्हणतात पाहुण्यांपेक्षा जास्त लाड. परवा पहाटे सहाला त्यांचा व्हॉट्सॅप, अंधारात बॅटरी मारून काढलेला हिरड्यांचा फोटो, खाली एवढंच, "कोंडा नाय ना?"

नव्हता. चारा अडकलेला होता.