दोन हे, दोन ते

माशांच्या दुकानात उभं राहिलं की तोंडातून आपोआप 'दोन' निघतं. दोन गप्पी, दोन एंजल, दोन टायगर, आणि काच साफ ठेवायला एक सकर. एकटा मासा कंटाळेल अशी दया त्यामागे असते आणि सगळे रंग एकाच टाकीत हवेत हा लोभही. दोन फुटी टाकीत पुढे जी भांडणं होतात, त्यांतली निम्मी-अधिक या जोड्यांनीच आणलेली असतात.

टायगर बार्बचंच बघा. हा मासा कायम कुरघोडीच्या तयारीत. आठ-दहा असले की ढुशा आणि पाठलाग आपापसांत वाटला जातो, कुणा एकाच्या वाट्याला फार येत नाही. दोनच असले की एक मारतो, दुसरा मार खातो, आणि मधल्या वेळात दोघेही शेजारच्या एंजलचे लोंबते पर कुरतडतात. निऑन टेट्राचा प्रश्न उलटा. तो कुणाला त्रास देत नाही, पण सहापेक्षा कमी असला की रंग उतरतो, झाडामागून बाहेर येत नाही आणि खायला वर येण्याआधीच दुसऱ्यांनी दाणे संपवलेले असतात. गप्पींची जोडी तर सगळ्यांत वाईट. नर मादीची पाठ क्षणभर सोडत नाही, म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवायच्या असतात. माद्या ठेवल्या की साधारण चार आठवड्यांनी पिल्लं, आणि नर काढून टाकला तरी पिल्लं थांबत नाहीत, कारण मादी शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवू शकते. लहान टाकीत गप्पी हवेच असतील तर सहा-आठ नुसते नर घ्यावेत. रंग तसाही त्यांच्यातच असतो.

एंजल दुकानात लहान, चपटा, देखणा दिसतो. वाढल्यावर परांसकट त्याची उंची सहज २० सेंटीमीटरपर्यंत जाते, आणि टाकीत पाणी असतं जेमतेम २५ सेंटीमीटर. तोवर त्याच्या तोंडात निऑन मावू लागलेला असतो. यात स्वभावाचा प्रश्नच नाही. जे तोंडात मावतं ते खाद्य, एवढा एकच नियम बहुतेक माशांना ठाऊक असतो.

म्हणून 'हा मासा शांत आहे का?' याआधी 'हा वाढून केवढा होतो?' हे विचारावं. बोटाएवढा सकर फूटभराचा होतो, आणि शेवाळ खातो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. बाला शार्क फुटापलीकडे जातो. गोल्डफिशला १८ ते २२ अंशांचं थंड पाणी लागतं आणि त्याची घाण पेलायला मोठी टाकी. तो निऑनसोबत नको, फायटरसोबत (बेटा) तर नकोच. 'टाकी लहान असली की मासा बेतानेच वाढतो' हे दुकानदारांचं लाडकं वाक्य आहे. वाढ खुंटते ती साचलेल्या घाणीने आणि कोंडमाऱ्याने, आणि असा मासा लवकर मरतो.

२४ बाय १२ बाय १२ इंचांच्या टाकीचा हिशोब साधारण ५६ लिटरचा. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं साधारण ४५ लिटर. दर गॅलनला (साधारण पावणेचार लिटर) एक इंच मासा हा जुना नियम इथे फसवतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट होतं, आणि घाण वजनाच्या अंगाने वाढते, लांबीच्या नाही. एक इंची दहा मासे आणि दहा इंची एक मासा हे त्या नियमात सारखे. पाण्याला ते सारखे नसतात.

पाण्याबद्दल थोडक्यात. गप्पी आणि मॉलीला जड, क्षार असलेलं, ७ ते ८ पीएचचं पाणी मानवतं. निऑनला मऊ आणि किंचित आम्ल. पाण्याला मासा शोधावा, माशासाठी पाणी बदलत बसू नये. बाटलीतलं औषध टाकून पीएच खाली आणला तर बहुतेक वेळा दोन दिवसांत तो परत वर येतो, आणि ही वर-खाली मूळच्या आकड्यापेक्षा जास्त जाचते. पीएच जास्त असलेल्या पाण्यात माशांच्या घाणीतून येणारा अमोनियाही अधिक विषारी होतो, तेव्हा तिथे गर्दी आणखी कमी.

कोण कुठल्या थरात राहणार हे तोंडाच्या ठेवणीवरून कळतं. वर वळलेलं तोंड असेल तर मासा पृष्ठभागावरचं टिपणारा, सरळ असेल तर मधला, खाली वळलेलं असेल तर तळाचा. तळासाठी कॉरीसारखा मासा नाही, पण त्याला सफाई कामगार समजू नये. उरलंसुरलं खाऊन तो जगत नाही, त्याला बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या टाकाव्या लागतात. एकदा काचेला नाक लावून त्याचं खाणं बघावं. मिशा वाळूत खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, आणि खाण्यालायक ते ठेवून बाकीची वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. टोकदार खडीवर हेच करताना मिशा झिजतात, मग तिथे जंतुसंसर्ग होतो. म्हणून त्याला बारीक गोल वाळू हवी. मधूनच तो बाणासारखा वर जाऊन हवेचा घोट घेऊन येतो; घाबरू नये, ती हवा तो आतड्यातून शोषतो. सगळे कॉरी दर मिनिटाला वर पळू लागले तर मात्र पाण्यात ऑक्सिजन कमी आहे असं समजावं.

फायटर हा लहान टाकीतला खरा कठीण पाहुणा. दोन नर कधीच नकोत. लांब, रंगीत शेपटीचा गप्पी त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो, टायगर बार्ब त्याचेच पर कुरतडतात आणि फिल्टरचा जोराचा प्रवाह त्याला दमवतो. छोटे साधे टेट्रा आणि कॉरी बहुधा चालतात. 'बहुधा' अशासाठी, की फायटरागणिक स्वभाव वेगळा असतो.

४५ लिटरसाठी जमणारा एक मेळ म्हणजे आठ हार्लेक्विन रासबोरा, सहा पांडा कॉरी आणि एक हनी गुरामी. तिघांनाही २४ अंश चालतात, पाणी किंचित मऊ लागतं आणि कुणाच्या तोंडात कुणी मावत नाही. रंग तीनच, हे खरं. पण आठ रासबोरा एकदम वळताना दिसतात ते 'दोन हे, दोन ते' वाल्या टाकीत कधी दिसत नाही. दर आठवड्याला पाव पाणी बदललं, क्लोरीन काढून भरलं, की एवढं कुटुंब नीट चालतं.

सगळे एका दिवशी मात्र आणू नयेत. आधी मासे न घालता टाकी चालू ठेवून अमोनियाचा डोस देत फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू द्यावेत. याला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि त्यापासून जिवाणू बनवतात ते विषारी नायट्राइट, दोन्ही शून्यावर आले की रासबोरा, दोन आठवड्यांनी कॉरी, आणि जागा अडवून बसणारा गुरामी शेवटी. शिवाय २० लिटरचा एक साधा टब आणि स्पंज फिल्टर बाजूला असावा. प्रत्येक नवा मासा आधी दोन-तीन आठवडे तिथे राहिला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वगैरे जे यायचं ते तिथेच येतं. तोच टब पुढे भांडखोरासाठी लागतो. नवा मासा टाकीत सोडल्यावर पहिला तासभर दिवा बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या शेपटीची कड बघावी. कड दातेरी झालेली असेल किंवा एखादा मासा हीटरच्या मागे कोपऱ्यात उभा असेल, तर कोण कुणाच्या मागे लागतो ते दहा मिनिटं बसून बघावं आणि मारणाऱ्याला त्याच दिवशी टबात काढावं. 'चार दिवसांत जुळवून घेतील' म्हणून थांबलं, तर चौथ्या दिवशी टाकीत एक मासा कमी असतो.